भिंतीतला रीफ टँक आणि त्याच्या मागची खोली

आमच्याकडे बेसमेंटच्या भिंतीत आठ फूट लांबीचा रीफ टँक आहे, खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळाचा, ३०० गॅलनचा म्हणजे साधारण साडेअकराशे लिटर. घरी येणारे लोक सोफ्यावर बसून बघतात, फोटो काढतात आणि जाताना विचारतात की आम्हाला पण असं करायचं असेल तर टँक कुठून घ्यायचा. मी म्हणतो टँकचं नंतर बघू, भिंतीच्या मागे जागा किती आहे ते सांग. भिंतीतला टँक म्हणजे खरं तर मागची खोली, समोर दिसते ती तिची फक्त खिडकी, आणि ज्यांनी सगळे पैसे समोर घातले आणि मागे जेमतेम दोन फूट ठेवले त्यांचे टँक वर्ष-दोन वर्षांत बंद पडलेले मी आमच्या ओळखीत बघितलेत. हात पोचत नाही, मग साफसफाई टाळली जाते, मग शेवाळ, आणि मग टँक विकायला निघतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घराला बेसमेंट आहे, त्यातला अर्धा भाग आधीच्या मालकाने फिनिश केलेला, उरलेल्या अर्ध्यात फर्नेस म्हणजे घर गरम करणारं यंत्र, वॉटर हीटर, वॉशर-ड्रायर आणि सामान. या दोन भागांमधली भिंत बघूनच डोक्यात हे आलं. लहानपणी मुंबईला मामाकडे गेलो की मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचोच, १९५१ पासूनचं ते, तिथे सगळ्या टाक्या भिंतीत आणि बाजूला एक छोटं दार. एकदा त्या दारातून एक माणूस आत गेला आणि थोड्या वेळाने टाकीत वरून त्याचा हात आला, मासे सगळे त्या हाताकडे. त्या दारामागे काय आहे हे मला माशांपेक्षा जास्त बघायचं होतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगतो. सगळी कठीण प्रवाळं भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घालून जे प्रवाळ दिसतं ते तिथेच बघायचं, त्याचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. मी जे लिहितोय ते इकडचं, जिथे टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळाचे छोटे तुकडे, ज्याला फ्रॅग म्हणतात, दुकानात आणि एकमेकांकडून मिळतात.

तर जागा. पहिला विचार होता की फर्नेसच्याच खोलीत टँकची मागची बाजू येऊ द्यायची, जागा तयारच आहे. पण यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे खारी दमट हवा, लोखंडाची कुठलीही वस्तू त्यात गंजते, फर्नेसचे आतले भाग तर फारच. दुसरी जास्त गंभीर. टँकच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन लागतोच, आणि आमचा वॉटर हीटर गॅसवरचा, साध्या चिमणीचा, अशा खोलीतून फॅनने हवा ओढली तर चिमणीतून वर जाणारा धूर उलटा खोलीत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हे कुणी सहज सांगत नाही. म्हणून आम्ही मध्ये एक नवीन पार्टिशन घातलं, नीट सील करून, दाराला खालून पट्टी, आणि टँकची स्वतंत्र खोली केली, बारा फूट बाय नऊ. टँकच्या मागे उभं राहून दोन्ही हात पसरता येतील एवढी जागा. बायकोचं म्हणणं पडलं की सामान ठेवायची जागा गेली, बरोबरच होतं तिचं, गॅरेजमध्ये शेल्फ करून दिले मग.

वजनाचं गणित बेसमेंटमध्ये सोपं जातं. पाणीच साडेअकराशे किलो, काच, दगड, स्टँड धरून दीड टनाच्या वर, हे वरच्या मजल्यावर लाकडी जॉइस्टवर, म्हणजे तुळयांवर, ठेवायचं तर स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवायला लागतो आणि बोलवावाच. खाली काँक्रीटचा स्लॅब, थेट जमिनीवर. वजन ठीक, पण लेव्हल? बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य कालवे आणि बांधांवर गेलं. मी लेझर लेव्हल लावून बसलो होतो, ते जिन्यावरून खाली आले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, ते राहू दे, पारदर्शक नळी आण वीस फूट." नळीत पाणी भरलं, हवेचे बुडबुडे काढले, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आठ फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त उतार निघाला. बेसमेंटची जमीन ड्रेनकडे मुद्दाम उतरती करतात, डोळ्यांना कळत नाही, पण टँकमध्ये पाण्याची पातळी एका बाजूला अर्धा इंच खाली दिसली तर रोज खुपतं, आणि काचेच्या जोडांवर ताण पडतो तो वेगळाच. बाबांच्या सांगण्यावरून स्टँडच्या पायांखाली शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, लावून नळीने लेव्हल केलं आणि मग सगळ्या पायांखाली नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे वाळताना न आकसणारं सिमेंट, भरलं. ते ग्राउट त्यांनी स्वतःच्या हाताने दाबलं, गुडघे दुखत असताना. म्हणाले बांध असो की टाकी, पाया एकदाच करायचा.

स्टँड स्टीलचा, पावडर कोट केलेला, ३४ इंच उंच. उंची ठरवायला आधी हे ठरवावं लागतं की बघणारा बसून बघणार की उभा राहून. आमच्याकडे समोर सोफा आहे, आई-बाबा आले की ते बसूनच बघणार, म्हणून टँकचा मधला भाग बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं धरलं. टँक २४ इंच उंच आणि मागे-पुढे ३० इंच. उंचीपेक्षा मागे-पुढची रुंदी जास्त असावी असं माझं ठाम मत आहे, दगडांची रचना पुढे-मागे करता येते आणि २४ इंचाच्या पुढे उंची गेली की हात तळाला पोचत नाही. काच की अ‍ॅक्रिलिक हा वाद कायम चालतो, अ‍ॅक्रिलिक हलकं आणि उष्णता धरून ठेवतं, पण काचेवर जी जांभळी कोरलाइन शेवाळ चढते ती खरवडायला ब्लेड लागतं आणि अ‍ॅक्रिलिकवर ब्लेड चालवलं की ओरखडा कायमचा. काच घेतली, समोरची तेवढी लो-आयर्न, म्हणजे कमी लोहाची, नाहीतर जाड काचेतून सगळं हिरवट दिसतं.

भिंत तोडायच्या आधी ती छताचं वजन उचलते का हे बघणं आलं. आमची उचलत नव्हती, वजन स्टीलच्या बीमवर आणि खांबांवर आहे, तरी आठ फुटांचं भगदाड म्हणजे भिंतीतले मधले उभे लाकडी स्टड जाणार, म्हणून वर डबल हेडर, म्हणजे जोड आडवी तुळई, घातली. आणि टँक भिंतीला कुठेच टेकत नाही, चारी बाजूंनी अर्धा इंच फट आहे, ती समोरून लाकडी ट्रिमने झाकलीय. ट्रिम मॅग्नेटवर, खेचली की निघते, कारण कधीतरी तिथे पाणी झिरपलं तर बघायला मिळालं पाहिजे. मागच्या खोलीत साधा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे बोर्ड, लावलाच नाही, प्लास्टिकचे पॅनल, स्क्रू सगळे स्टेनलेस. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळले की मीठ सरकत सरकत वायरवर, पाइपवर, बिजागऱ्यांवर चढतं, त्याला वर्ष लागत नाही.

विजेसाठी टाउनशिपचं परमिट काढलं, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन घेतला, भिंत बंद करायच्या आधी एक इन्स्पेक्शन आणि शेवटी एक. यात काटकसर करायची नाही, हात खाऱ्या पाण्यात आणि समोर वीज, दुसरं काय सांगू. दोन वेगवेगळी २० अँपची सर्किट्स घेतली, दोन्ही जीएफसीआय, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारी, आणि उपकरणं अशी वाटली की एक सर्किट ट्रिप झालं तरी दुसऱ्यावर एक हीटर आणि अर्धे पंप चालू राहतील. हीटर पण एक मोठा न घेता दोन मध्यम, वेगळ्या कंट्रोलरवर. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेत अडकतो, एकच मोठा असेल तर पाणी उकडून निघतं, मध्यम असेल तर तेवढी ताकदच नसते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. विजेचं बिल लोक विचारतात म्हणून, सरासरी सहाशे-सातशे वॅट चालू असतात, महिन्याला साडेचारशे-पाचशे युनिट धरा.

टँक आणायचा दिवस पटकन सांगतो, बाहेरच्या बाजूने बेसमेंटमध्ये उतरायच्या पायऱ्या आहेत तिथून आणला, काचेचे व्हॅक्यूम कप आणि मित्रमंडळी. पायऱ्यांची रुंदी आणि वळण आम्ही पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून आधी उतरवून बघितलं होतं, त्यामुळे अडकला नाही. नंतर सगळ्यांना बायकोने मिसळ खाऊ घातली.

प्लंबिंगवर मात्र थांबतो. पाणी टँकमधून वरच्या कडेने मागे एका लांब खणात पडतं, तिथून तीन पाइप खाली सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, जातात, सम्पमध्ये फिल्टर, बुडबुड्यांनी घाण वेगळी करणारा स्किमर वगैरे आणि रिटर्न पंप ते पाणी परत वर ढकलतो. तीन पाइप अशासाठी की पहिला पूर्ण भरून वाहतो आणि म्हणून आवाज करत नाही, दुसऱ्यातून थोडीशी धार, आणि तिसरा कोरडा, फक्त संकटासाठी. याला बीनअ‍ॅनिमल पद्धत म्हणतात, ज्या हौशी माणसाने ती लोकांसमोर मांडली त्याच्या टोपणनावावरून. पहिल्यांदा गोडं पाणी भरलं आणि मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवली. पहिल्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला, दुसऱ्याने भार घेतला. दुसरा पण बोळा घालून बंद केला, तिसरा गडगडाट करत चालू झाला पण पाणी काचेवरून गेलं नाही. मग रिटर्न पंप बंद करून बघितलं की वरचं किती पाणी खाली येतं आणि सम्पमध्ये मावतं का. मावलं, वर चार इंच जागा शिल्लक. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे सेन्सर आहेत, फोनवर अलार्म येतो. हे सगळं मासे आणायच्या कितीतरी आधी करायचं, आणि मनसोक्त वेळ घेऊन करायचं. मला तर पूर्ण प्रकल्पातला सगळ्यात आनंदाचा काळ हाच वाटला, बाबा स्टूलवर बसून पातळी सांगतायत आणि मी व्हॉल्व्ह फिरवतोय.

आता पाणी. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन, फॉस्फेट, तांबं, काय काय असतं, म्हणून आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. दिवसाला ७५ गॅलन असं मशीनवर लिहिलेलं असलं तरी तो आकडा कोमट पाण्याचा, आमच्याकडे जानेवारीत नळाला बर्फासारखं पाणी येतं आणि उत्पादन निम्म्यावर जातं. आरओचं वाया जाणारं पाणी वॉशरच्या टाकीत वळवलंय. मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं मोजून घातलेलं असतं, पहिल्या भरण्याला ४० किलोच्या वर लागलं. खारेपणा ३५ म्हणजे हजार भागात ३५ भाग क्षार. मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरचं कॅलिब्रेशन ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच करावं, साध्या पाण्याने शून्य धरून केलं तर वर जाऊन फरक पडतो.

रोज तीन-चार गॅलन पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई गोड्या आरओ पाण्याने करायची, ते आपोआप होतं. पण उडालेली वाफ जाते कुठे? हिवाळ्यात बंद घरात ती खिडक्यांवर जमते, भिंतींच्या आत शिरते, बुरशी धरते. म्हणून तो एक्झॉस्ट फॅन, ह्युमिडिस्टॅटवर, हवेतला ओलावा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की आपोआप चालू होतो आणि हवा सरळ घराबाहेर. भिंतीतला टँक करणाऱ्या प्रत्येकाने आधी हा फॅन घ्यावा आणि मग लाइट बघावेत.

दगड मी कोरडे घेतले, फ्लोरिडात जमिनीवरच्या जुन्या प्रवाळथरातून खणून काढलेले, समुद्रातून उपसलेले नाहीत. सिमेंटने आणि फायबरग्लासच्या कांड्यांनी जोडून दोन बेटं केली, दगड थेट तळाच्या काचेवर आणि वाळू नंतर, कारण वाळू उकरणारे मासे दगडाखालून वाळू काढतात आणि अख्खी रचना कोसळते. प्रत्येक दगड मागून माझ्या हाताच्या टप्प्यात आहे हे बघितलं.

मग सायकल, म्हणजे टँकमध्ये उपयोगी जिवाणू वसवायचं चक्र. मासा न घालता अमोनियम क्लोराइडचे थेंब टाकून अमोनिया २ पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत २ भाग, न्यायचा, बाटलीतले जिवाणू सोडायचे, एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत गायब व्हायला लागला की पाया तयार. हा काळ नुसता वाट बघायचा, टेस्ट ट्यूबमधले रंग बघत.

त्यानंतर जे येतं त्याची कल्पना असलेली बरी. आधी डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, आले, ते आले तसे गेले. मग वाळूवर आणि दगडांवर एक तपकिरी, चिकट, तारा सुटलेला थर, त्यात हवेचे बुडबुडे, दुपारी वाढतो आणि रात्री जवळजवळ दिसेनासा होतो. गोगलगायी मरायला लागल्या. मुलाकडे शाळेचा मायक्रोस्कोप होता, त्याने एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि हाक मारली, "बाबा, लवकर या, हे गोल फिरतायत." पाण्याच्या थेंबासारखे एका टोकाला निमुळते जीव, त्या टोकाशी चिकटून एका जागी गरगर फिरणारे. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांपैकी एक. हे विषारी असतात आणि नवीन, कोरड्या दगडांच्या टँकमध्ये फार येतात, विशेषतः नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलं की. माणसाला वाटतं घाण झालीय, पाणी बदलावं, खाणं कमी करावं, आणि नेमकं तेच यांना पथ्यावर पडतं, कारण यांच्याशी स्पर्धा करणारी शेवाळं आणि जिवाणू उपाशी मरतात. उपाय उलटा, सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून टाकायचं, शून्य होऊच द्यायचं नाही, पाणी बदलणं थांबवायचं. आणि ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात म्हणून थेट टँकमधून पाणी ओढणारा मोठा यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याचं उपकरण, लावला, पाणी त्यातून हळू फिरवायचं. काही आठवडे लागले, पण मुलाने दर रविवारी थेंब बघून वहीत लिहून ठेवलं, किती दिसले आणि फिरत होते का. ती वही मी जपून ठेवलीय. त्यातली पानं बघून मी आता दोन-तीन जणांना धीर दिलाय, कारण याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात.

मासे आणताना क्वारंटाइन सोडायचं नाही, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. खाऱ्या पाण्यातला इच, क्रिप्टोकॅरियन, माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात तो एक टप्पा, मग तो परजीवी अंगावरून गळून दगडावर कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं सुटतात. एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की तिथे तांब्याचं औषध टाकता येत नाही, तांब्याने प्रवाळ आणि गोगलगायी मरतात, मग सगळे मासे बाहेर काढून टँक रिकामा ठेवायचा, त्याचा प्रचलित आकडा ७६ दिवसांचा. त्यापेक्षा मागच्या खोलीत एक छोटा टँक, प्रत्येक नवा मासा आधी तिथे महिनाभर तांब्याच्या ठरलेल्या मात्रेत, आणि मग मोठ्या पाण्यात. बघा, इथे परत मागची खोलीच उपयोगाला आली.

पहिली आली ती क्लाउनफिशची जोडी, टँकमध्येच जन्मलेली. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात आणि दोघांत जो वरचढ तो मादी होतो, आमच्याकडे काही महिन्यांत एक दुप्पट मोठी झाली आणि तेव्हापासून सगळा डावा कोपरा तिचा. टँग सगळ्यात शेवटी सोडले, ते जागेसाठी भांडतात. पिवळा टँग पूर्वी हवाईहून येणारा अगदी नेहमीचा मासा, पण २०१७ पासून कोर्टाच्या निर्णयांमुळे तिथे मत्स्यालयासाठी मासे पकडणं टप्प्याटप्प्याने बंद झालं. हवाईच्याच ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये हा मासा अंड्यापासून वाढवून दाखवला होता, म्हणून आज तसा वाढवलेला घेता येतो. महाग मिळतो. मला तो जास्त पैसे देऊन घेताना बरं वाटलं.

प्रवाळाबाबतही तेच धोरण, फक्त वाढवलेले फ्रॅग. एप्रिल २०२४ मध्ये नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेने जगभरातल्या प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी लाट जाहीर केली, त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचं प्रवाळही पांढरं पडलं. ते फोटो बघितल्यावर समुद्रातून तोडलेला तुकडा माझ्या टँकमध्ये नको, एवढं नक्की झालं. सुरुवात मऊ प्रवाळांनी, मशरूम, झोअँथिड, मग हॅमर आणि टॉर्च प्रवाळ, सगळ्यात शेवटी कठीण प्रवाळातले माँटिपोरा आणि अ‍ॅक्रोपोरा. झोअँथिड हाताळताना ग्लोव्ह आणि गॉगल, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल विष. असे दगड उकळून साफ करायला गेलेल्या घरांत वाफेने माणसं हॉस्पिटलमध्ये पोचल्याच्या घटना झाल्यात. उकळायचं नाही, कधीच नाही.

प्रवाळ वाढायला लागलं की पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः कार्बोनेटचं प्रमाण, आणि कॅल्शियम खातं, त्यातूनच त्याचा सांगाडा बनतो. अल्कलिनिटी साडेआठ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास, कॅल्शियम ४२०-४४० पीपीएम, मॅग्नेशियम १३५० पीपीएम, हे आकडे अमुकच असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. आमचा खरा प्रश्न पीएचचा होता. हिवाळ्यात खिडक्या बंद, घरात माणसं, गॅसची शेगडी, हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्यात उतरतो, पीएच ७.८ च्या वर जाईना. दोन गोष्टी केल्या. स्किमरची हवेची नळी भिंतीतून घराबाहेर नेली, म्हणजे तो बाहेरची ताजी हवा ओढतो. आणि चुन्याची निवळी. इकडे त्याला कॅल्कवासर म्हणतात, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओ पाण्यात ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी डोसिंग पंपाने रात्रभर थेंब थेंब सोडायचं. कॅल्शियम मिळतं, अल्कलिनिटी मिळते आणि पीएच चढतो. निवळीचा स्वतःचा पीएच १२ च्या वर, त्यामुळे ती एकदम पडता कामा नये. फोनवर बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "निवळीच ना, मग गाळ ढवळू नकोस, आणि झाकण लाव, हवेने साय धरते." बरोबर तेच होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर कार्बोनेटचा पापुद्रा येतो. आता पीएच ८.२-८.३ राहतो आणि अ‍ॅक्रोपोराच्या टोकांची वाढ नुसत्या डोळ्यांनी कळते.

वीज जाण्याची तयारी न्यू जर्सीत करावीच लागते, २०१२ च्या सँडी वादळात इथे लाखो घरांची वीज गेली होती, कित्येकांची आठवडाभर. लोक हीटरची काळजी करतात, पण एवढं पाणी थंड व्हायला बरेच तास लागतात, त्याआधी ऑक्सिजन संपतो. म्हणून लाटा करणारे दोन पंप बॅटरीवर, वीज गेली की कमी वेगाने चालू राहतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात. त्यापुढे जनरेटर.

आणि भारतात जायचं असेल तेव्हा? आम्ही डिसेंबरात पुण्याला जातो, तीन-साडेतीन आठवडे. जवळ राहणारा एक मित्र दिवसाआड येतो. त्याच्यासाठी मागच्या खोलीत प्रत्येक व्हॉल्व्हला आणि प्लगला मराठीत लेबलं लावलीत, भिंतीवर यादी, माशांचं खाणं दिवसागणिक छोट्या डब्यांत मोजून फ्रीजमध्ये, कारण प्रेमाने जास्त खाणं घालणं हीच पाहुण्या माणसाकडून सगळ्यात मोठी भीती. जायच्या आधी महिनाभर काहीही नवीन करायचं नाही, नवा मासा नाही, नवं प्रवाळ नाही, कुठलंही उपकरण बदलायचं नाही. कॅमेरे खोलीत दोन, एक टँकवर आणि एक सम्पवर, पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले की इथे सकाळचे अकरा, जेवणं उरकून आम्ही सगळे फोनवर बघायला बसायचो, आई विचारायची ती डाव्या कोपऱ्यातली कुठाय. यादीत सगळ्यात वर ठळक लिहिलंय की शंका आली तर काही हलवू नकोस, फोन कर, पुण्यात कितीही वाजलेले असू देत. त्याने एकदाच केला, स्किमरचा कप ओसंडत होता, व्हिडिओवर बघून दोन मिनिटांत खाली केला. परत आलो तेव्हा अल्कलिनिटी साडेआठवरून पावणेआठवर आली होती, महिनाभरात प्रवाळ वाढलं आणि डोस तेवढाच राहिला. ती एका दिवसात न चढवता रोज थोडी थोडी वर आणली, डोसचा आकडा वाढवला, आणि मित्राने निवडलेल्या हिरव्या माँटिपोराचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याला दिला.